वेगाचे अस्त्र आणि विचाराचा अवधी

(बदलत्या युद्धतंत्रावरील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



१६ नोव्हेंबर २०२४ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यालगतच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम बेटावरून एक क्षेपणास्त्र आकाशात झेपावले. दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ती वार्ता देशाला दिली. पंधराशे किलोमीटरहून अधिक पल्ल्याचे, ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगाने जाणारे, म्हणजेच ज्याला जग ‘हायपरसॉनिक’ म्हणते असे हे भारतीय बनावटीचे अस्त्र होते. मोजक्या राष्ट्रांच्या पंक्तीत आपला देश जाऊन बसला, याचा घरोघरी आनंद झाला. तो होणे स्वाभाविकच होते.

परंतु राष्ट्राच्या सामर्थ्याचा विचार करणाऱ्या समाजाने टाळ्या वाजवून थांबायचे नसते. हे अस्त्र नेमके आहे तरी काय? त्याच्यामुळे युद्धशास्त्रात खरोखर काय बदलले आणि काय मुळीच बदलले नाही? आणि असे अस्त्र शेजाऱ्याच्या हाती असताना भारताने आपली सिद्धता कशी ठेवावी? आजच्या विवेचनाचा विषय हे तीन प्रश्न आहेत.

गोफणीचा दगड आणि आकाशातील घार

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. या अस्त्राचे नावीन्य केवळ त्याच्या वेगात आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती खरी नाही. जमिनीलगत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १२२५ किलोमीटर असतो. त्याहून अधिक तो स्वनातीत वेग आणि त्याच्या पाचपटीपुढचा तो अतिस्वनातीत, म्हणजे हायपरसॉनिक. माणसाने घडविलेल्या वस्तूने ही मर्यादा १९४९ सालीच ओलांडली होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या व्हाइट सँड्स तळावरून उडालेल्या दोन टप्प्यांच्या अग्निबाणाने ताशी आठ हजार किलोमीटरहून अधिक वेग गाठला. पुढे आलेली आंतरखंडीय बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे तर ध्वनीच्या वीसपट वेगाने वातावरणात पुन्हा शिरतात. मग आजच्या अस्त्रात नवे ते काय?

नवा आहे तो त्याचा मार्ग. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हे गोफणीतून सुटलेल्या दगडासारखे असते. पहिली काही मिनिटे अग्निबाण जळतो. तो विझला की पुढचा सारा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने होतो. क्रिकेटच्या मैदानावर उंच उडालेला झेल पाहिला की अनुभवी क्षेत्ररक्षक चेंडू वर असतानाच ओळखतो की तो कोठे येऊन पडणार, आणि नेमका तेथे जाऊन उभा राहतो. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा हेच करते. रडार अस्त्राचा माग घेते, संगणक त्याची कमान मांडतो आणि प्रतिअस्त्र त्या कमानीवरील ठरावीक बिंदूकडे धाव घेते.

ग्लाइड अस्त्र हे मात्र घारीसारखे आहे. अग्निबाण त्याला उंचीवर नेतो, वेग देतो आणि गळून पडतो. पुढे त्या अस्त्राला इंजिन नसते. घार पंख न हलवता हवेच्या आधाराने तरंगत जाते, तसे हे पाचराच्या आकाराचे यान वातावरणाच्या वरच्या विरळ थरावर रेलून शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर जाते. वाटेत ते डावीकडे वळू शकते, उजवीकडे वळू शकते, खाली झुकून पुन्हा वर उचलले जाऊ शकते. ते शेवटी कोठे उतरणार, हे पाहणाऱ्याला अखेरपर्यंत निश्चित सांगता येत नाही.

याच कुळातील दुसरा प्रकार हायपरसॉनिक क्रूझ क्षेपणास्त्राचा. त्याला स्वतःचे इंजिन असते. ‘स्क्रॅमजेट’ नावाचे हे इंजिन समोरून अतिवेगाने आत घुसणाऱ्या हवेतील प्राणवायू वापरून इंधन जाळते. आत शिरणारी हवासुद्धा ध्वनीहून वेगवान असते आणि इंधन पेटायला मिळणारा अवधी सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो. भर वादळात निरांजन तेवत ठेवावे, तसा हा प्रयोग आहे.

रडारच्या क्षितिजाचे गणित

या नव्या मार्गाचा संरक्षणावर काय परिणाम होतो, हे साध्या भूगोलातून समजते. पृथ्वी गोल आहे आणि रडारच्या लहरी सरळ रेषेत जातात. त्यामुळे जमिनीवरील रडारला क्षितिजाखालचे काही दिसत नाही. एखादे बॅलिस्टिक अस्त्र हजार किलोमीटर उंचीवर गेले, तर ते जवळपास ३७०० किलोमीटर अंतरावरूनच रडारच्या दृष्टीस पडू शकते. ग्लाइड यान मात्र पन्नास किलोमीटरच्या आसपास उंचीवरून येते. त्या उंचीवरील वस्तू सुमारे आठशे किलोमीटर अंतरावर आल्यावरच क्षितिजावर उगवते. तिचा वेग सेकंदाला तीन किलोमीटर धरला, तर उरतात साडेचार मिनिटे! एवढ्या अवधीत अस्त्र ओळखायचे, ते कोणाचे आहे हे ठरवायचे, वरिष्ठांना कळवायचे, आदेश मिळवायचा आणि प्रतिकार करायचा.

वेगाची कल्पना यावी म्हणून आणखी एक हिशेब मांडता येईल. ध्वनीच्या सहापट वेग म्हणजे सेकंदाला जवळपास दोन किलोमीटर. मुंबई आणि दिल्ली यांच्यामधील सरळ हवाई अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर. प्रवासी विमानाला त्यासाठी दोन तास लागतात. या वेगाने ते दहा मिनिटांच्या आत संपते.

एका शास्त्रज्ञाची कथा

ही कल्पना काल-परवाची नव्हे. ऑस्ट्रियन अभियंता ऑयगन झेंगर आणि गणितज्ञ इरेने ब्रेट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीसाठी एका अग्निबाण-विमानाचा आराखडा केला होता. तळ्याच्या काठावरून चपटा दगड पाण्यावर आडवा भिरकावला की तो टप्पे घेत पुढे जातो. त्याप्रमाणे वातावरणावर टप्पे घेत हे विमान अटलांटिक ओलांडून अमेरिकेवर बॉम्ब टाकणार होते. ते कागदावरच राहिले.

या इतिहासातील अधिक बोधप्रद कथा आहे ती च्यान श्वेसन या चिनी शास्त्रज्ञाची. १९११ साली जन्मलेला हा तरुण १९३५ मध्ये अमेरिकेला गेला, तेथील अग्निबाण संशोधनाच्या पायाभरणीत त्याने मोठा वाटा उचलला आणि १९४९ मध्ये खंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तासाभरात पोहोचविणाऱ्या तरंगत्या अग्निबाण-विमानाची कल्पना मांडली. परंतु १९५० मध्ये साम्यवादी असल्याच्या संशयावरून अमेरिकी शासनाने त्याचे काम काढून घेतले. पाच वर्षे त्याला जवळजवळ स्थानबद्धतेत काढावी लागली. १९५५ मध्ये तो चीनला परतला आणि चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचा जनक ठरला. त्याने सुचविलेल्या या तरंगत्या मार्गाला चीनमध्ये आजही त्याचेच नाव आहे. प्रज्ञावंतांना दूर लोटणारे राष्ट्र केवढी किंमत मोजते, याचे याहून बोलके उदाहरण विरळा.

ढाल वाढली म्हणून भाला बदलला

कल्पना जुनी असताना अस्त्र प्रत्यक्षात येण्यास एकविसावे शतक का उजाडले? एक कारण तांत्रिक होते. या वेगाला हवेच्या घर्षणाने व दाबाने यानाच्या पृष्ठभागाचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसपर्यंत चढते. पोलाद सुमारे पंधराशे अंशांना वितळते, हे ध्यानात घेतले म्हणजे अडचण उमगते. आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या टोकाला ही भट्टी काही सेकंदच सोसावी लागते. ग्लाइड यानाला ती कित्येक मिनिटे सोसावी लागते.

दुसरे कारण राजकीय होते. १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार केला होता. दोघांनीही आपली ढाल लहान ठेवायची, म्हणजे कोणालाच भाले वाढविण्याची गरज भासणार नाही, असे त्यामागील तत्त्व होते. २००२ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली. आपली क्षेपणास्त्रे निष्प्रभ होतील या चिंतेने रशियाने ढालीला वळसा घालणारा भाला घडविण्यास गती दिली. १ मार्च २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी ‘अवानगार्द’ या ग्लाइड अस्त्राची घोषणा केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ओरेनबर्ग प्रांतात ते सेनादलात तैनात झाले.

चीनने २०१४ पासून ग्लाइड यानाच्या चाचण्या चालविल्या आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी, साम्यवादी राजवटीच्या सत्तराव्या वर्धापनदिनी, ‘डीएफ-१७’ हे क्षेपणास्त्र बीजिंगच्या संचलनात जगाला दाखविले. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याने पृथ्वीला वळसा घालून येणाऱ्या ग्लाइड यानाची चाचणी केल्याचे वृत्त आले. आपण पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानाची चाचणी केली, असा खुलासा चीनने केला. परंतु अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख समितीचे तत्कालीन अध्यक्ष जनरल मार्क मिली यांनी या घटनेची तुलना १९५७ च्या स्पुटनिकने दिलेल्या धक्क्याशी केली.

आणि अमेरिका? तिचे ‘एचटीव्ही-२’ हे यान २०१० आणि २०११ मध्ये दोनदा उडाले आणि दोन्ही वेळा सुमारे नऊ मिनिटांत संपर्क तुटून नष्ट झाले. पुढेही यश आणि अपयश यांची मालिका चालू राहिली. सर्वांत धनाढ्य राष्ट्रालाही जेथे ठेचा लागतात, तेथे भारतीय अभियंत्यांच्या एखाद्या फसलेल्या चाचणीवर नाके मुरडणाऱ्यांनी थोडा धीर धरावा, हे बरे.

अजिंक्य असे काही नसते

आता दुसरी बाजू. ‘या अस्त्राला उताराच नाही’ असे सांगितले जाते. युद्धाच्या इतिहासात असा दावा प्रत्येक नव्या शस्त्राबाबत झाला आहे आणि प्रत्येक वेळी तो काही काळाने फोल ठरला आहे.

रशियाने मार्च २०२२ मध्ये युक्रेनवर ‘किंझाल’ हे विमानातून सोडायचे अस्त्र प्रथम वापरले. ते वेगाने हायपरसॉनिक असले, तरी ग्लाइड यान नव्हे. ते हवेतून डागलेले बॅलिस्टिक क्षेपणास्त्रच आहे. मे २०२३ च्या प्रारंभी कीव्हजवळ अमेरिकी बनावटीच्या ‘पेट्रिअट’ यंत्रणेने असे एक किंझाल पाडले आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्यास दुजोरा दिला. अजिंक्यतेचे वलय तेथे गळून पडले. अर्थात, एका नगराचे रक्षण करणे वेगळे आणि सबंध देशाचे वेगळे, हेही विसरता येत नाही. पेट्रिअटसारखी यंत्रणा आपल्या भोवतीच्या मर्यादित टापूचीच राखण करू शकते.

खुद्द ग्लाइड अस्त्राच्याही मर्यादा आहेत. हवेवर रेलून जाण्याची किंमत वेगात मोजावी लागते. प्रत्येक वळणाला वेग घटतो. डेव्हिड राइट आणि कॅमेरॉन ट्रेसी या अभ्यासकांनी २०२० मध्ये केलेल्या गणितानुसार, आंतरखंडीय अंतरावर सपाट कमानीने डागलेले बॅलिस्टिक क्षेपणास्त्र ग्लाइड यानाच्या आधी लक्ष्यावर पोहोचू शकते. शिवाय दोन हजार अंशांना तापलेली वस्तू अवरक्त किरणांत लखलखत असते. जमिनीवरील रडारला ती उशिरा दिसली, तरी अवकाशातील डोळ्यांना दिसू शकते. म्हणूनच अमेरिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा अस्त्रांचा माग घेणारे दोन खास उपग्रह सोडले आणि ग्लाइडच्या टप्प्यातच त्यांना गाठणारे प्रतिअस्त्र जपानच्या साहाय्याने विकसित करण्याचे ठरविले.

खर्चाचाही विचार हवा. अमेरिकी संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने जानेवारी २०२३ मध्ये असा निष्कर्ष काढला की, तेवढ्याच पल्ल्याच्या, अखेरच्या टप्प्यात वळू शकणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रापेक्षा हे अस्त्र सुमारे एकतृतीयांशाने महाग पडते. असे अस्त्र मोजक्याच, अत्यंत मोलाच्या लक्ष्यांसाठी राखून ठेवावे लागते.

समुद्रावरील लक्ष्य आणि डोळ्यांची गरज

असे मोलाचे लक्ष्य कोणते? पहिले नाव येते विमानवाहू नौकेचे. दुसऱ्या महायुद्धापासून समुद्रावरील सत्तेचे प्रतीक असलेली ही नौका आज या अस्त्राच्या छायेत आली आहे. तैवानवर संकट आले तर अमेरिकी नौदलाला दूरच थोपवून धरायचे, हा चीनच्या क्षेपणास्त्र दलाचा मुख्य हेतू आहे.

परंतु येथेही गणित सोपे नाही. विमानवाहू नौका ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर वेगाने जाऊ शकते. पंधराशे किलोमीटरवरून, सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने अस्त्र निघाले, तर त्याला साडेबारा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात नौका अकरा किलोमीटर सरकलेली असते, आणि कोणत्या दिशेला, हे तिच्या कप्तानालाच ठाऊक! म्हणजे अस्त्राला वाटेत नवी वार्ता मिळत राहिली पाहिजे. त्यासाठी उपग्रह हवेत, टेहळणी विमाने हवीत, संदेशवहन हवे. आणि तापलेल्या यानाभोवती तयार होणारे विद्युतभारित वायूचे आवरण त्या संदेशांना अडथळा करते, त्यावरही उपाय हवा. डोळे नसतील तर हात कितीही वेगवान असला तरी तो अंधारात फिरतो.

भारताकडे हिंदी महासागराच्या मध्यभागी असलेले भौगोलिक स्थान आहे, लांब पल्ल्याची पी-८आय टेहळणी विमाने आहेत, नौदलासाठीचा उपग्रह आहे. दूर पल्ल्याचे वेगवान अस्त्र या डोळ्यांशी जोडले गेले, तर या सागरात शिरणाऱ्या कोणत्याही परक्या आरमाराला दहा वेळा विचार करावा लागेल. मात्र २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली आपली ‘विक्रांत’देखील कोणाच्या तरी नकाशावर लक्ष्य म्हणून नोंदलेली असेल, याचे भान सुटता कामा नये.

ती सप्टेंबरची रात्र

या अस्त्राचा सर्वांत गंभीर परिणाम मात्र समुद्रावर होत नाही, आकाशातही होत नाही. तो होतो निर्णय घेणाऱ्या माणसाच्या मनावर.

२६ सप्टेंबर १९८३ ची मध्यरात्र उलटली होती. मॉस्कोजवळच्या एका भूमिगत केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह पहाऱ्यावर होते. अकस्मात भोंगा वाजला. अमेरिकेने एक आण्विक क्षेपणास्त्र डागल्याचे उपग्रह सांगत होता. थोड्याच वेळात आणखी चार! अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि दोन महासत्तांमधील तणाव शिगेला पोहोचला होता. पेत्रोव्ह यांनी विचार केला : खरोखर पहिला घाव घालायचा असता, तर शत्रूने पाचच अस्त्रे कशी डागली असती? जमिनीवरील रडारला तर काहीच दिसत नव्हते. त्यांनी हा इशारा खोटा असल्याचे वरिष्ठांना कळविले. पुढे कळले की उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाला फसविले होते.

त्या रात्री जगाला वाचविले ते थोड्या मिनिटांच्या अवधीने आणि त्या अवधीत शांत राहिलेल्या एका डोक्याने. हायपरसॉनिक अस्त्र नेमका हाच अवधी हिरावून घेते. त्यात भर म्हणजे येणाऱ्या अस्त्राच्या पोटात साधा स्फोटक दारूगोळा आहे की अणुबॉम्ब, हे कळत नाही; ते वळू शकत असल्याने त्याचा रोख सेनातळावर आहे की राजधानीवर, हेही कळत नाही.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. ९ मार्च २०२२ रोजी देखभालीच्या वेळी झालेल्या चुकीमुळे भारताचे एक क्षेपणास्त्र सुटले आणि पाकिस्तानच्या पंजाबात जाऊन पडले. त्यात स्फोटक नव्हते, प्राणहानी झाली नाही. शासनाने चौकशी करून तीन अधिकाऱ्यांना सेवामुक्त केले आणि चूक झाकली नाही, हे योग्यच झाले. परंतु उद्या शेजाऱ्याच्या हातून अशीच चूक झाली आणि पडताळणीस दोनच मिनिटे मिळाली, तर? भारत आणि पाकिस्तान यांच्यात २००५ साली झालेल्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीची पूर्वसूचना एकमेकांना दिली जाते. त्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रे नाहीत. अमेरिका आणि रशिया यांच्यातील अवानगार्दलाही लागू होणाऱ्या अण्वस्त्रकराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. अस्त्रे पुढे धावत आहेत आणि नियम मागे पडले आहेत.

ज्याचा प्रत्याघात अढळ, त्याला घाई नको

अशा स्थितीत भारताचे धोरण काय असावे? या प्रश्नाच्या उत्तराचा पाया २००३ मध्येच घातला गेला आहे. त्या वर्षी ४ जानेवारीला जाहीर झालेल्या अण्वस्त्रविषयक तत्त्वप्रणालीत भारताने प्रथम वापर न करण्याचे वचन दिले आणि आपल्यावर आघात झाल्यास प्रचंड प्रत्याघात करण्याचा निर्धारही सांगितला. अनेकांना या वचनात भाबडेपणा दिसतो. हायपरसॉनिक युगात मात्र त्यातील शहाणपण अधिक उठून दिसते. कारण, ज्याला पहिला घाव घालायचा नाही आणि पहिल्या घावानंतरही ज्याची अस्त्रे शाबूत राहणार आहेत, त्याला साडेचार मिनिटांत निर्णय घेण्याची सक्ती नसते. तो खातरजमा करू शकतो. ‘आत्ता डागले नाही तर सारे संपेल’ ही भीतीच आण्विक युद्धाची खरी ठिणगी आहे. ती भीती त्याला शिवत नाही.

मात्र हे धैर्य शब्दांवर उभे राहत नाही. त्यासाठी प्रत्याघाताची साधने अढळ असावी लागतात. समुद्राच्या पोटात दडलेली पाणबुडी हे त्यांतील सर्वश्रेष्ठ साधन. ग्लाइड अस्त्र कितीही वेगवान असले तरी जे सापडतच नाही त्यावर ते पडणार कसे? ‘अरिहंत’ने २०१८ मध्ये आपली पहिली प्रतिरोधक गस्त पूर्ण केली, ऑगस्ट २०२४ मध्ये ‘अरिघात’ नौदलात आली. बंदिस्त नळकांड्यातून रस्त्यावरून हलविता येणारे आणि ११ मार्च २०२४ च्या चाचणीत अनेक लक्ष्यांवर स्वतंत्र मारा करण्याची क्षमता दाखविणारे ‘अग्नी-५’ हे दुसरे साधन. तिसरे साधन म्हणजे विखुरलेली, एक तुटली तर दुसरी उभी राहील अशी आदेशयंत्रणा. या तिन्ही गोष्टींवर होणारा खर्च हाच हायपरसॉनिक अस्त्राला दिलेला सर्वांत खात्रीचा जबाब आहे.

पारंपरिक युद्धाचा विचार निराळा. तेथे धोका आहे तो विमानतळ, रडार, दारूगोळ्याची कोठारे आणि आदेशकेंद्रे यांना. त्यावरील उपाय दिसायला साधे आहेत : विमानांसाठी भक्कम निवारे, साधनांची विखुरणी, शत्रूला फसविणाऱ्या प्रतिकृती, उखडलेली धावपट्टी काही तासांत दुरुस्त करणारी पथके आणि अवकाशातून पहारा देणारे उपग्रह. ही कामे संचलनात दिसत नाहीत, त्यांच्यावर टाळ्या पडत नाहीत. पण युद्ध त्यांच्यावरच निभावते.

आणि भारताचे स्वतःचे अस्त्रही हवेच. येथे वाटचाल टप्प्याटप्प्याने झाली आहे. १९८९ च्या ‘अग्नी’साठी देशातच घडविलेल्या कार्बनच्या उष्णतारोधक कवचाने पाया घातला. २००१ मध्ये ‘ब्रह्मोस’ आले, ध्वनीच्या पावणेतीनपट वेगाचे. ७ सप्टेंबर २०२० रोजी स्क्रॅमजेट इंजिनावर चालणाऱ्या प्रायोगिक यानाने ध्वनीच्या सहापट वेगाने वीस सेकंदांहून अधिक उड्डाण केले. त्याच वर्षी हैदराबादेत हायपरसॉनिक वायुबोगदा उभा राहिला. जानेवारी २०२५ मध्ये स्क्रॅमजेटचे ज्वलनकक्ष जमिनीवरील चाचणीत १२० सेकंद पेटते राहिले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये हजार सेकंदांहून अधिक. वीस सेकंदांपासून हजार सेकंदांपर्यंतचा हा प्रवास हीच खरी राष्ट्रीय कमाई होय. क्षेपणास्त्रांच्या घन इंधनावर संशोधन करणारी प्रयोगशाळा पुण्यात आहे. सुखोई विमानाला ब्रह्मोस वाहण्यास सज्ज करण्याचे काम नाशिकच्या कारखान्यात झाले. या कार्यात महाराष्ट्राचाही हात आहे, तो असा.

मंत्रशक्ती

कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त राजाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत. उत्साहशक्ती म्हणजे पराक्रम, प्रभुशक्ती म्हणजे कोश आणि सैन्य, आणि मंत्रशक्ती म्हणजे विचारपूर्वक केलेल्या मसलतीचे बळ. या तिघींमध्ये त्याने मंत्रशक्तीला श्रेष्ठ ठरविले. हायपरसॉनिक अस्त्र हे प्रभुशक्तीचे टोक आहे. त्याचा सारा डाव असा की, प्रतिपक्षाला मसलतीसाठी वेळच उरू द्यायचा नाही. म्हणून ज्याची मंत्रशक्ती आधीच जागी आहे, ज्याने शांततेच्या काळातच आपले पर्याय नीट विचारून ठेवले आहेत, तोच या अस्त्रासमोर उभा राहू शकेल.

यात सामान्य नागरिकाचे काय काम, असा प्रश्न येथे बसलेल्या अनेकांच्या मनात असेल. दोन कामे आहेत. एक, घरातील हुशार मुलगा किंवा मुलगी धातुशास्त्राकडे, रसायनशास्त्राकडे, वायुगतिकीकडे वळू पाहत असेल, तर ‘त्यात पैसा नाही’ म्हणून त्यांना परावृत्त करू नये. दोन हजार अंश सोसणारे कवच भाषणांनी तयार होत नाही. ते प्रयोगशाळेत वीस-वीस वर्षे घालविणाऱ्या माणसांनी तयार होते. च्यान श्वेसनची कथा प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक विद्यापीठाने ध्यानात ठेवावी.

दुसरे काम अधिक कठीण आहे. संकटाच्या प्रसंगी भ्रमणध्वनीवर येणारी प्रत्येक सनसनाटी वार्ता पुढे ढकलण्याचा मोह आवरणे. ‘अमुक शहर उडाले’, ‘तमुक अस्त्र सुटले’ अशा अफवांनी खवळलेला समाज राज्यकर्त्यांवर तत्काळ सूड घेण्याचा दबाव आणतो आणि शत्रूच्या अस्त्राने शिल्लक ठेवलेला विचाराचा अवधीही संपवून टाकतो. पेत्रोव्ह यांच्यावर त्या रात्री अशा खवळलेल्या समाजाचा दबाव नव्हता. म्हणून कदाचित त्यांना विचार करता आला. सीमेवरचा जवान आणि आदेशकेंद्रातला अधिकारी यांना तो अवधी मिळवून देणे, हे समाजाच्या शिस्तीचे काम आहे. संघटित समाज याचा अर्थ केवळ एकत्र जमणारा समाज असा नव्हे. आणीबाणीच्या क्षणी एकत्र शांत राहू शकणारा समाज, असाही आहे.

अस्त्रे वेगवान होत जातील. त्यांचा वेग रोखणे भारताच्या हाती नाही. आपली सिद्धता अढळ ठेवणे आणि आपले चित्त स्थिर ठेवणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.